आजोबांच्या डायरीतला नंबर

परवा शिरूरहून धाकट्या भावाचा फोन आला. "दादा, सायकल गेली."

घराच्या पार्किंगमधून गेली, गाडीच्या मागे उभी होती तिथून. कधी गेली म्हणून विचारलं, तर वहिनी म्हणते चार दिवस, आई म्हणते आठवडा तरी झाला असेल. पुतणीला क्लासला जायचं होतं म्हणून शोधाशोध झाली, नाहीतर अजूनही कळलं नसतं. पोलिसांनी रंग विचारला. भाऊ म्हणाला निळी, पुतणी म्हणाली, "बाबा, जांभळी होती!" फ्रेमचा नंबर विचारल्यावर तर सगळेच गप्प.

तेव्हा मला आजोबांची डायरी आठवली. आजोबा दौंडला रेल्वेत होते. डायरीच्या पहिल्या पानावर नाव, पत्ता आणि त्याखाली सायकलचा नंबर. दरवर्षी नवी डायरी आली की पहिलं काम हेच.

आज हे वेड वाटेल, पण त्या काळी सायकल ही घरातली मोठी वस्तू होती. स्वातंत्र्याआधी बहुतेक सायकली इंग्लंडहून येत, हर्क्युलिस, रॅले, बीएसए वगैरे. मग १९४९ मध्ये मद्रासला टी.आय. सायकल्स आली, १९५१ मध्ये सोनीपतला अ‍ॅटलास, १९५६ मध्ये लुधियान्याला हीरो. सायकली देशात बनू लागल्या तरी आमच्या आजोबांनी आपली हप्त्यानेच घेतली. लग्नात जावई सायकल, घड्याळ आणि रेडिओ मागत, ते काही उगाच नाही.

त्यात दौंड म्हणजे जंक्शन. सोलापूरकडची लाइन इथून पुढे जाते, मनमाडची इथून फुटते. गाड्या रात्रंदिवस, त्यामुळे ड्यूटीही कधीही. रात्री दोनला निरोप आला तर सायकलशिवाय जाणार कसे? डी सिकाचा 'बायसिकल थीव्ज' हा इटालियन सिनेमा १९४८ चा. त्यात सायकल चोरीला जाते आणि तिच्यासोबत त्या माणसाची नोकरीच जाते. मी तो कॉलेजात पाहिला, तेव्हा मला पडद्यावर आजोबाच दिसत होते.

तर सायकल रात्री घरात यायची. उंबऱ्यावरून उचलून ओसरीत. चाकाच्या चिखलावरून आजीची रोज बडबड. मागच्या चाकाला ते गोल कुलूप असायचंच, पण आजोबांचा त्यावर भरवसा नव्हता. "चाक फिरत नाही एवढंच. मागून उचलली की चालली." म्हणून फ्रेममधून साखळी घालून ती खांबाला बांधायची. हवेचा पंप काढून कोनाड्यात.

एकदाच पाहुणे आले, ओसरीत अंथरुणं पडली आणि सायकल अंगणात राहिली. सकाळी गायब! चार दिवसांनी ओळखीच्या दूधवाल्याला ती बाजारात दिसली. विकणारा म्हणे, माझीच आहे. आजोबांनी डायरी उघडली, सायकल उलटी केली. पायडलचा आस जातो त्या नळीच्या पोटाला नंबर होता, तोच! वाद तिथेच मिटला.

कायद्यालाही घराचं महत्त्व होतं आणि आहे. १८६० च्या दंडसंहितेत साध्या चोरीला (कलम ३७९) तीन वर्षांपर्यंत कैद, पण राहत्या घरातल्या किंवा वस्तू ठेवायच्या इमारतीतल्या चोरीला (कलम ३८०) सात वर्षांपर्यंत. १ जुलै २०२४ पासून न्याय संहिता आली, तिथेही ३०३ आणि ३०५ अशी वेगळी कलमं आहेतच. पण कलम लागायला आधी चोर सापडायला हवा, आणि सापडलेली सायकल आपलीच हे सांगता यायला हवं.

पूर्वी पुण्यासारख्या शहरात सायकलला कर असे, वर्षाचा बिल्ला असे. तो कर भरताना लोक कुरकुरत, पण निदान सायकलची कुठेतरी नोंद होती. आता गाडीला नंबरप्लेट, विमा, कागदपत्रं. सायकलला काहीच नाही. भावाच्या घरी कॅमेरासुद्धा आहे. त्यात गाडी दिसते, गाडीच्या मागची सायकल नाही.

मला वाटतं, आपण कुलूप लावायला विसरलो असं नाही. आपण सायकलकडे बघायचंच सोडलं. आजोबांची सायकल एक रात्र नव्हती, तर सकाळी अख्ख्या आळीला माहीत झालं. आमची आठवडाभर नव्हती आणि घरात कुणाला पत्ता नाही.

असो. नवी सायकल आली आहे. भावाला सांगितलंय, भिंतीत लोखंडी कडी पक्की बसव, साखळी फ्रेम आणि मागचं चाक दोन्हींतून घाल, पार्किंगचा दरवाजा दिवसाही लाव, एक फोटो काढून ठेव. आणि नंबर लिहून ठेव.

तुमच्या सायकलचा नंबर तुम्हाला माहीत आहे? जरा उलटी करून बघा. आणि आमच्या घरच्यांपैकी कुणी हे वाचत असेल तर आजोबांच्या त्या डायऱ्या सध्या कुणाकडे आहेत, तेवढं कळवा.