काळवीट ऐकू आले, दिसले नाही

अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात रेहेकुरी हे काळविटांसाठीचे अभयारण्य आहे. 1980 साली ते जाहीर झाले. या तालुक्यातल्या एका शाळेत आम्ही शिक्षकांबरोबर दोन दिवस काम करत होतो. तिथल्या एका गुरुजींनी माळावर धावणाऱ्या कळपाचे मोबाइलवर एक मिनिटाचे चित्रण केले होते. ते मुलांना मोठ्या पडद्यावर दाखवायचे ठरले.

शाळेच्या संगणकावर लिनक्स होते. फाइल उघडली. वाऱ्याचा आवाज आला, गुरुजींचे ‘ते बघा, ते बघा’ही ऐकू आले. पडदा मात्र काळाच. त्यावर सूचना आली : या चित्रणासाठी लागणारा कोडेक सापडत नाही.

‘संगणक बिघडला का हो?’ एका मुलीने विचारले. बिघडला नव्हता. त्यात एक गोष्ट मुद्दामच ठेवलेली नव्हती. ती का ठेवली नव्हती, याला पन्नास वर्षांचा इतिहास आहे.

एका मिनिटाचे ओझे

आधी थोडा हिशोब करू. पडद्यावरच्या एका चित्रात आडवे 1920 आणि उभे 1080 ठिपके आहेत असे समजा. म्हणजे सुमारे 20 लाख 74 हजार ठिपके. प्रत्येक ठिपक्याचा रंग सांगायला 3 बाइट लागतात. सेकंदाला 30 चित्रे धरली, तर एका सेकंदाला 18 कोटी 66 लाख बाइट होतात. एका मिनिटाचे झाले 11 गिगाबाइटांहून जास्त! साध्या डीव्हीडीवर असे चित्रण जेमतेम 25 सेकंद मावेल. गुरुजींच्या मोबाइलमधली फाइल मात्र शंभर मेगाबाइटांच्या आतच होती.

हे कसे जमते? माळ जागच्या जागी असतो, धावते ते काळवीट. मग प्रत्येक चित्रात सगळा माळ पुन्हा कशाला लिहायचा? आधीच्या चित्रापेक्षा काय बदलले तेवढेच लिहिले तरी पुरते. असे थोडक्यात लिहून ठेवणे म्हणजे संकेतन, आणि त्यावरून पुन्हा चित्र उभे करणे म्हणजे विसंकेतन. ही दोन्ही कामे करणारी प्रणाली म्हणजे कोडेक. लिहिणाऱ्याने वापरलेली रीत वाचणाऱ्याला ठाऊक नसेल, तर फाइल मोडी न येणाऱ्याच्या हाती पडलेल्या मोडी दस्तासारखी होते. कागद शाबूत, मजकूर समोर, पण अर्थ लागत नाही.

‘फारच सोपी’ कल्पना

या रीतीच्या गाभ्याशी एक गणित आहे आणि ते मांडणारे नासिर अहमद मूळचे बंगळुरूचे. 1972 साली अमेरिकेत प्राध्यापक असताना त्यांनी या कल्पनेवर काम करण्यासाठी तिथल्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानकडे निधी मागितला. तो नाकारला गेला. कल्पना फारच सोपी वाटते, असा एका परीक्षकाचा सूर होता, असे अहमद यांनी पुढे लिहून ठेवले आहे. त्यांनी काम सोडले नाही. त्यांचे विद्यार्थी टी. नटराजन आणि मित्र के. आर. राव यांच्यासह त्यांनी जानेवारी 1974 मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केला.

चित्राचे छोटे छोटे चौकोन पाडायचे. प्रत्येक चौकोनातला उजेड-अंधाराचा चढउतार अनेक लाटांची बेरीज म्हणून मांडायचा. संथ लाटा चित्राचा मुख्य भाग सांगतात, बारीक लाटा बारकावे सांगतात. काही बारकावे गाळले तरी डोळ्याला फारसे कळत नाही. झाली जागेची बचत! आजची बहुतेक छायाचित्रे आणि चित्रणे याच कल्पनेवर उभी आहेत.

किल्ली कुणाच्या हाती?

1988 साली लिओनार्दो किआरिल्योने आणि हिरोशी यासुदा यांच्या पुढाकाराने एमपेग हा तज्ज्ञांचा गट स्थापन झाला. एका कंपनीच्या यंत्रावरचे चित्रण दुसरीच्या यंत्रावर दिसावे, यासाठी समान नियम ठरवणे हे त्याचे काम. नियम छापील मिळत, कुणीही वाचावेत. पण त्यांतल्या अनेक युक्त्यांवर कंपन्यांची पेटंट होती. प्रणाली वापरायची तर शुल्क भरा. विकणाऱ्याला ते किमतीत मिळवता येते. लिनक्स मात्र फुकट वाटले जाते आणि त्याच्या प्रती कोण किती काढतो, याची मोजदाद नसते. मग शुल्क कुणी आणि किती प्रतींचे भरायचे?

म्हणून 2002 साली रेड हॅट लिनक्सच्या आठव्या आवृत्तीतून एमपीथ्री गाणी वाजवण्याची सोय काढली गेली. ती लिहिता येत नव्हती असे नाही. लिहिलेली होती, पण वाटण्यात कायद्याचा धोका होता. लिनक्सवरच्या जीस्ट्रीमर या प्रणालीने तर आपल्या पुरवण्यांना एका जुन्या पाश्चात्त्य चित्रपटावरून नावे दिली : चांगल्या, वाईट आणि कुरूप. कुरूप म्हणजे काम उत्तम करणाऱ्या, पण वाटताना अडचणीत आणू शकतील अशा!

कायदा तिकडचा, अडचण इकडची

आपल्याकडे काय? 2002 च्या दुरुस्तीने भारताच्या पेटंट कायद्यात 3(क) हे कलम आले. गणिती पद्धती, गणनविधी आणि निव्वळ संगणकप्रणाली यांना पेटंट नाही, असे ते सांगते. डिसेंबर 2004 च्या वटहुकमाने ते सैल करू पाहिले. 2005 साली संसदेने तो बदल गाळला. ‘निव्वळ’ म्हणजे काय, यावर वाद आजही होतात. पण लिनक्सच्या प्रती जगभर सारख्याच. त्यामुळे तिकडच्या कायद्याची धास्ती इकडच्या शाळेच्या पडद्यावर उमटते.

2007 साली रायगड जिल्ह्यातील खैरात येथील एकशिक्षकी शाळेत ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या प्रकल्पाची हिरवी-पांढरी यंत्रे आली. ती लिनक्सवर चालत आणि त्यांत मुक्त कोडेकच तेवढे असत. मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने मराठीसह अनेक भाषांतले धडे थिओरा या मुक्त रीतीने साठवून वाटले. ते कोणत्याही लिनक्सवर विनासायास दिसत.

मुदत संपते

पेटंटला साधारण 20 वर्षांची मुदत असते. एमपीथ्रीच्या परवान्यांचा कार्यक्रम 2017 मध्ये बंद झाला. एमपेग-2 च्या सामायिक परवान्यातले अमेरिकेतले शेवटचे पेटंट 2018 मध्ये संपले. दरम्यान 2013 साली एच 265 ही नवी रीत आली होती आणि तिच्यासाठी वेगवेगळे गट शुल्क मागू लागले. त्यावर उपाय म्हणून 2015 साली अनेक मोठ्या कंपन्यांनी एकत्र येऊन एव्ही 1 ही शुल्कमुक्त रीत हाती घेतली. ती 2018 मध्ये जाहीर झाली.

मुक्त रीतही म्हातारी होते. 2024 मध्ये क्रोम आणि फायरफॉक्स यांनी थिओरा दाखवणे बंद केले. फरक इतकाच, की तिची किल्ली सर्वांकडे असल्याने जुने धडे कुणालाही, कुणाला न विचारता, नव्या रीतीत उतरवता येतात.

पुन्हा शाळेत

आम्ही आधी ‘मीडियाइन्फो’ने फाइल तपासली. नावाच्या शेवटी ‘एमपी 4’ दिसते, पण ते नुसत्या डब्याचे नाव. आत चित्र एका रीतीने आणि आवाज दुसऱ्या रीतीने भरलेला असतो. म्हणून तर आवाज आला आणि चित्र आले नाही! चित्र एच 265 चे निघाले. मग इंटरनेट जोडून लिबाव ही पुरवणी बसवली. स्वतःचे कोडेक बरोबर आणणारा व्हीएलसी बसवला असता तरी चालले असते. पॅरिसच्या विद्यार्थ्यांनी तो 1996 साली सुरू केला होता.

पडद्यावर कळप धावला. मुलांनी उड्या मोजायला सुरुवात केली. गुरुजींनी मूळ फाइल जपून ठेवली आणि एक प्रत मुक्त रीतीत उतरवली.

तुमच्या शाळेत गावची जत्रा, आजींच्या ओव्या, आटलेली विहीर असे काय काय साठवलेले असेल. वीस वर्षांनी ते उघडायला कुणाची परवानगी लागेल? वर्गातली एक फाइल आजच तपासून पाहा.