आमोसचा खटला आणि सोलापूरचं भाषण

बायबलच्या जुन्या करारातली कविता आपण कशाला वाचायची, असं कार्यकर्ते मित्र मला विचारतात. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाला आकाशातल्या न्यायाधीशाशी काय देणंघेणं? मी म्हणतो, न्यायाधीश राहू द्या बाजूला. फिर्यादी कोण आहे ते बघा.

फिर्यादी गुलाम आहेत. मिसर देशात फारोच्या विटा पाडणारे वेठबिगार मोशेच्या मागे निघाले. समुद्र ओलांडल्यावर त्यांनी जे गायलं, ते निर्गमच्या पंधराव्या अध्यायात आहे. हिब्रूतल्या सर्वांत जुन्या काव्यात पुष्कळ अभ्यासक ते धरतात. त्या गाण्यात न्याय आणि सुटका वेगळ्या नाहीत. मालकाचे रथ बुडाले, तीच गुलामाची सुटका.

पण खरा दणका पुढंच आहे. इसवी सनापूर्वी आठव्या शतकात तकोवा गावचा आमोस बोलायला उभा राहिला. मेंढरं राखणारा, उंबराच्या झाडांची निगा करणारा माणूस. आधी त्यानं शेजारच्या राज्यांची पापं मोजली. ऐकणारे खूष झाले असतील. मग तो वळला तो आपल्याच लोकांवर. चपलेच्या जोडापायी गरिबाला विकता, माप खोटं ठेवता, वेशीत बसून लाच खाता. तुमची भजनं आणि बळी देवाला नकोत, असं त्यानं बजावलं. बेथेलच्या पुरोहितानं त्याला चालता हो म्हटलं.

हीच कविता मराठीतून आपल्या वस्त्यांत आली. अमेरिकन मराठी मिशननं १८६० च्या दशकात सोलापुरात ठाणं मांडलं. महार-मांगांतली कित्येक घरं ख्रिस्ती झाली, स्तोत्रं गाऊ लागली. पण गाण्यातली सुटका हक्कात उतरली का?

१ जानेवारी १९३८ ला सोलापुरातच, ख्रिस्ती लोकांच्या सभेत, बाबासाहेबांनी नेमकं तिथं बोट ठेवलं. बुद्ध आणि ख्रिस्त यांच्याविषयी त्यांनी आदर सांगितला. मग सुनावलं, की अस्पृश्य ख्रिस्ती झाला म्हणजे आपलं काम संपलं असं मिशनऱ्यांना वाटतं. त्याच्या राजकीय हक्कांची फिकीर कुणी करत नाही, आणि तुम्हीही संघटित नाही.

पुढं तसंच घडलं. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीची यादी हिंदूंपुरती बांधली. १९५६ ला शिखांना आणि १९९० ला आपल्याला, बौद्धांना, त्यात जागा मिळाली. ख्रिस्ती दलित बाहेरच राहिला. आजा एक, वाडा एक, विटाळ एक. दाखला मात्र एकाला मिळाला, दुसऱ्याला नाही.

मित्रांनो, बाबासाहेबांनी मोशेवर स्वतंत्र लेख लिहिला आहे. त्यांना चमत्काराची गरज नव्हती. १९२७ ला चवदार तळ्याचं पाणी दुभंगलं नाही, माणसांनी खाली वाकून ओंजळ भरली. आपली सुटका अशीच होते, माणसाच्या हातानं.

म्हणून आमोसचा सवाल मी आपल्याच लोकांना करतो. मनुवाद्यांची पापं आपण रोज मोजतो, मोजलीच पाहिजेत. पण ख्रिस्ती भाऊ आपला दाखला मागायला कचेरीच्या पायरीवर उभा असतो, तेव्हा आपण कुठं असतो? वाट्याला कात्री लागेल म्हणून गप्प बसलो, तर चपलेच्या जोडापायी आपणही भावाला विकलं. त्याच्या खटल्यात साक्षीला आपणच गेलं पाहिजे.

जय भीम.