संगणकाचे घड्याळ: संपादकीय तळटीप
१. संगणकातले घड्याळ क्वार्ट्झ स्फटिकाच्या कंपनांवर चालते. तापमान बदलले की ही कंपने किंचित ढळतात. दहा लाखांत २० भागांची चूकसुद्धा दिवसाला पावणेदोन सेकंदांच्या घरात जाते. म्हणून संगणक नेटवर्कवरच्या सर्व्हरला वेळ विचारतो. प्रश्न कधी निघाला, कधी पोचला, उत्तर कधी निघाले, कधी पोचले, अशा चार नोंदींवरून वाटेत गेलेला काळ आणि घड्याळातला फरक काढतात. अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड मिल्स यांनी १९८५पासून विकसित केलेल्या ‘एनटीपी’ या पद्धतीचे खरे सौंदर्य मात्र दुरुस्तीत आहे. फरक थोडा असेल, तर पुढे गेलेले घड्याळ एकदम मागे ओढत नाहीत. जुळेपर्यंत त्याची चाल मंद ठेवतात. वेळ उलटी फिरली, तर नंतर झालेला बँकव्यवहारही आधीचा म्हणून नोंदला जाईल. (संपा.)