स्क्रीन गेली, की दिवा गेला?

लॅपटॉपचं बटण दाबलं, पंखा फिरला, सुरू झाल्याचा आवाजही आला. स्क्रीन मात्र काळी. अशा वेळी खोलीतला दिवा बंद करून मोबाइलचा टॉर्च स्क्रीनवर तिरपा धरा. नीट निरखलं की कधीकधी आयकॉनच्या पुसट आकृत्या दिसतात. म्हणजे चित्र जागच्या जागी आहे, त्यामागचा दिवा तेवढा विझलाय.

दुरुस्तीवाल्यांना ही युक्ती पाठ असते. ती चालते, कारण एलसीडी स्क्रीन म्हणजे दोन वस्तूंचा संसार आहे: चित्र घडवणारा पदार्थ आणि मागून उजेड देणारा दिवा. दोघांची जन्मगावं वेगळी, वयंही वेगळी.

पदार्थ वयाने मोठा. १८८८ साली प्रागमध्ये फ्रीडरिश राइनित्सर हा वनस्पतिशास्त्रज्ञ कोलेस्टेरॉलपासून बनवलेलं एक संयुग तापवत होता. ते १४५.५ अंश सेल्सिअसला वितळलं, पण गढूळच राहिलं, १७८.५ अंशांना एकदम स्वच्छ झालं. एकाच पदार्थाला दोन वितळणबिंदू कसे? त्याने भौतिकशास्त्रज्ञ ओटो लेमान याला पत्र लिहिलं आणि लेमानने त्या गढूळ अवस्थेचा पिच्छा पुरवला. ती द्रवासारखी वाहायची, पण आत स्फटिकासारखी शिस्त पाळायची. हेच द्रवस्फटिक.

पुढची ऐंशी वर्षं बाजाराला त्याचा फारसा उपयोग नव्हता. १९६८ मध्ये अमेरिकेत आरसीए कंपनीतल्या जॉर्ज हाइलमायर यांच्या गटाने त्यावर चालणारा डिस्प्ले जाहीर केला. १९७० मध्ये स्वित्झर्लंडमध्ये मार्टिन शाट आणि वोल्फगांग हेल्फ्रिश यांनी त्याहून सरस रचना मांडली. दोन पोलरायझर एकमेकांना काटकोनात, आणि मध्ये पीळ दिलेल्या रेणूंचा थर. पीळ असेल तर प्रकाश त्याच्याबरोबर वळतो आणि पार होतो. व्होल्टेज दिलं की पीळ सुटतो आणि प्रकाश अडतो.

थोडक्यात, हा पदार्थ झडपेचं काम करतो. स्वतःचा उजेड शून्य. घड्याळात आणि कॅल्क्युलेटरमध्ये हेच वरदान ठरलं. बाहेरचा उजेड वापरायचा, छोटा सेल वर्षानुवर्षं पुरायचा.

लॅपटॉपला ते पुरेना. १९८५ च्या तोशिबा टी११०० च्या स्क्रीनमागे दिवा नव्हता. ॲपलने १९८९ मध्ये सुमारे सात किलोंचा मॅकिंटॉश पोर्टेबल आणला. त्याची स्क्रीन त्या काळात उत्तम होती, पण कमी उजेडात वाचता येईना. १९९१ मध्ये बॅकलाइटवालं मॉडेल आलं आणि बॅटरी लवकर संपू लागली. ती वजाबाकी आपण अजून करतोय: ब्राइटनेस वाढवा, चार्जर शोधा. मागच्या उजेडातला जेमतेम दहावा भाग आपल्या डोळ्यांपर्यंत पोचतो; बाकीचा पोलरायझर आणि रंगांच्या फिल्टरमध्ये जिरतो.

हा दिवा म्हणजे पेन्सिलीहून बारीक ट्यूबलाइट होती, आत पाऱ्याची वाफ. तिला शेकडो व्होल्ट लागायचे, बॅटरी देणार दहा-वीस. म्हणून मध्ये इन्व्हर्टर नावाची चिंचोळी पट्टी आली. बिघाडांची लक्षणंही तिथूनच आली. पडदा सुरुवातीला गुलाबीसर दिसला की ट्यूब म्हातारी झाली. क्षणभर उजळून विझला की संशय इन्व्हर्टरवर.

आमच्या हॉस्टेलवर अशाच एका जुन्या लॅपटॉपला दुकानदाराने नवी स्क्रीन सांगितली होती, किंमत महिन्याच्या मेसपेक्षा जास्त. टॉर्च धरला तर डेस्कटॉप दिसत होता. इन्व्हर्टर बदलला, काम झालं. ‘स्क्रीन गेली’ हे निदान नसून तक्रार आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

१९९३ मध्ये जपानच्या निचिया कंपनीतल्या शुजी नाकामुरांनी प्रखर निळा एलईडी जगापुढे आणला. त्यावर पिवळा फॉस्फर चढवून १९९६ मध्ये पांढरा एलईडी बाजारात आला. २०१० च्या आसपास लॅपटॉपमधून ट्यूब हद्दपार झाली. पारा गेला, इन्व्हर्टर गेला, नवे बिघाड आले. झाकण हलवताना उजेड लुकलुकला तर बिजागरीतून जाणारी केबल बघायची. टॉर्चने चित्र दिसतंय पण उजेड अजिबात नाही, तर मदरबोर्डवरचा बॅकलाइटचा बारीकसा फ्यूजही उडालेला असू शकतो. टॉर्चनेही काही दिसलं नाही, तर बाहेरचा मॉनिटर जोडून बघायचं. तिथे चित्र आलं तर दोष स्क्रीन किंवा केबलचा.

एक अंधूकपणा मात्र बिघाड नसतो. स्वस्त लॅपटॉपकडे बाजूने पाहिलं की रंग फिके पडतात, कारण त्या पिळलेल्या रेणूंतून तिरका प्रकाश नीट जात नाही. त्यावरच्या एका उपायाचं मूळ भारतात आहे. नागपूर विद्यापीठातून एम.एस्सी. झालेले शिवरामकृष्ण चंद्रशेखर हे सी. व्ही. रामन यांचे भाचे. १९७७ मध्ये बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत त्यांनी सहकाऱ्यांसह दाखवलं की, काडीसारखेच नव्हे तर चकतीसारखे रेणूही द्रवस्फटिक बनवतात. पुढे अशाच चकत्यांची फिल्म जपानी कंपनीने स्क्रीनवर लावली आणि बाजूने दिसणारं चित्र सुधारलं.

तुम्ही हे ज्या फोनवर वाचताय तो ओएलईडीचा असेल, तर त्यात हे दोन इतिहास संपलेत. तिथे प्रत्येक पिक्सेल स्वतःच पेटतो, मागे दिवाच नाही. असा पडदा काळा पडला तर टॉर्च धरून उपयोग नाही. उजेडाबरोबर चित्रही गेलेलं असतं.