संवेदनानुकूल वर्ग

प्राथमिक शाळेतील मुलांना आवाज, उजेड, स्पर्श, वास आणि हालचाल यांची जाणीव सारख्या तीव्रतेने होत नाही, हे ध्यानात घेऊन केलेल्या वर्गरचनेस संवेदनानुकूल वर्ग म्हणतात. पाच ज्ञानेंद्रियांखेरीज आंतरकर्णातून होणारी तोलाची जाणीव व स्नायू-सांध्यांतून होणारी अंगस्थितीची जाणीव यांचाही येथे विचार होतो. या साऱ्या जाणिवा मेंदूत जुळवल्या जाण्याच्या क्रियेस वेदन-एकात्मता म्हणतात. अमेरिकन व्यवसायोपचारतज्ज्ञ ए. जीन एअर्स यांनी तिची उपपत्ती मांडली आणि त्यांचा प्रमुख ग्रंथ १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला.

घंटा होताच कान झाकणारे मूल आणि बाकावर सतत चुळबुळ करणारे मूल यांना बेशिस्त ठरवून शिक्षा करणे हा अन्याय आहे. पहिल्याला आवाज सोसत नाही, तर दुसऱ्याला हालचालीवाचून लक्ष टिकवता येत नाही. संवेदनांना अतितीव्र वा अतिमंद प्रतिसाद देणे हे स्वमग्नतेच्या निकषांपैकी एक असले, तरी ‘संवेदी विकार’ असे स्वतंत्र निदान करू नये, अशी शिफारस अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१२ मध्ये केली. म्हणून मुलावर शिक्का मारण्याआधी वर्ग तपासणे अधिक न्याय्य ठरते.

ठाणे व कल्याण-डोंबिवली यांसारख्या दाट वस्तीच्या शहरांत वर्ग तपासताना पहिला प्रश्न आवाजाचा येतो. तास चालू असताना वर्गातील पार्श्वध्वनी ३५ डेसिबलच्या आत असावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. भारतातील २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी शाळांसारख्या ठिकाणांभोवतालच्या शांतता क्षेत्रासाठी दिवसाची मर्यादा ५० डेसिबल ठेवली आहे. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये या नियमांच्या काटेकोर अंमलबजावणीचे आदेश दिले. मात्र राज्य सरकारने अधिसूचित केल्याविना कोणताही परिसर शांतता क्षेत्र ठरणार नाही, अशी दुरुस्ती केंद्राने ऑगस्ट २०१७ मध्ये केली, आणि शाळेभोवतालच्या १०० मीटरांना आपोआप मिळणारे संरक्षण त्यामुळे दुबळे झाले.

डोळ्यांवरील भार मात्र पुष्कळदा शाळाच वाढवते. महाराष्ट्रात कौतुकाने रंगवल्या जाणाऱ्या ‘बोलक्या भिंती’ उपयुक्त असल्या, तरी फार सजवलेल्या वर्गात लहान मुलांचे लक्ष अधिक विचलित होते व शिकणे कमी होते, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात दिसून आले. निदान फळ्याकडील भिंत तरी मोकळी ठेवावी.

या कामी महागडी साधने अपरिहार्य नाहीत. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीस आणि पुढे कोसबाडला, म्हणजे त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातच, माँटेसरींच्या इंद्रियशिक्षणाची महागडी साधने बाजूला ठेवून खडे, बिया, पाने व शिंपले यांवर बालशिक्षण उभे केले. त्याच वृत्तीने बाकांच्या पायांना रबर लावले, की फरशीवरचा कर्कश आवाज थांबतो; सतरंजी झटकणे, वह्यांचा गठ्ठा वाहून नेणे यांसारखी अंगाला जोर लावणारी कामे दिली, की चुळबुळ्या मुलाचे शरीर स्थिरावायला मदत होऊ शकते. दमलेल्या मुलासाठी शांत कोपराही हवा. दोन सत्रांत भरणाऱ्या शाळेत तोच वर्ग दुपारी दुसऱ्यांचा होत असल्याने हा कोपरा चटई व पडदा यांचा, गुंडाळून कपाटात ठेवता येईल असा असावा.