घरची बिअर आणि शेजारचे विरजण

बाजारात मिळणाऱ्या बिअरच्या बाटलीवरील घटकद्रव्यांची यादी आखूड असते. पाणी, सातूचे माल्ट, हॉप आणि यीस्ट, फार तर जोडीला तांदूळ, मका किंवा साखर. बिअर म्हणजे हेच, अशी समजूत आता जगभर रूढ झाली आहे. या यादीला ऐतिहासिक आधार मात्र बेताचाच आहे. युरोपातही हॉपचे एकछत्री राज्य स्थिरावले ते साधारण पाचशे वर्षांपूर्वी. त्याआधी आणि त्यानंतरही कितीतरी काळ घरोघरी जी बिअर होत असे, तिच्यात रानातल्या वनस्पती, धुराने वाळवलेले धान्य, मीठ, धने आणि ज्युनिपरच्या फांद्या सर्रास वापरल्या जात. या जुन्या प्रकारांपैकी जे आज पुन्हा चाखता येतात, त्यांतील बरेचसे मोठ्या कारखान्यांमुळे नव्हे, तर घरी बिअर करणाऱ्या हौशी मंडळींमुळे आणि काही हट्टी शेतकऱ्यांमुळे वाचले आहेत.

हॉप ही भांगेच्या कुळातील वेल. तिची मादी फुले माल्टच्या गोड रसात उकळली, की कडवटपणा येतोच. शिवाय बिअर आंबट करणाऱ्या जिवाणूंची वाढही रोखली जाते. फ्रान्समधील कॉर्बीचे मठाधिपती अडालहार्ड यांच्या इ.स. ८२२ मधील नियमावलीत हॉपचा उल्लेख आहे. तरीही पुढे कित्येक शतके ऱ्हाइनच्या खोऱ्यात आणि आजच्या बेल्जियम-नेदरलँड्सच्या प्रदेशात ‘ग्रुट’ या मिश्रणाचेच चलन होते. बॉग मर्टल ही दलदलीतील सुगंधी वनस्पती त्यातील मुख्य घटक. सोबत ठिकाणपरत्वे यॅरो, रानटी रोझमेरी वगैरे. ग्रुट विकण्याचा हक्क सरदार किंवा बिशप यांच्याकडे असे, म्हणजे तो एक प्रकारचा करच होता. ब्रुज शहरातील ग्राउटहूझे घराणे या हक्कावर गबर झाले. त्यांचा वाडा आज संग्रहालय आहे, आणि घराण्याचे आडनावच मुळी ‘ग्रुटचे घर’ असे आहे.

हॉपने बाजी मारली ती चवीपेक्षा टिकाऊपणामुळे. हॉपविना केलेली बिअर एक तर कडक करावी लागे, नाही तर लवकर संपवावी लागे. हॉपची बिअर जहाजावर चढू शकत होती, दूरच्या बंदरात विकली जाऊ शकत होती. १५१६ मध्ये बव्हेरियाच्या इंगोलश्टाट गावी जो प्रसिद्ध शुद्धता-नियम जाहीर झाला, त्यात सातू, हॉप आणि पाणी एवढ्यांनाच मान्यता मिळाली. यीस्टचे त्यात नावच नाही. नियमाचा मोठा भाग किमतींविषयी आहे, आणि गहू-राय पावासाठी राखून ठेवण्याचा हेतूही त्यामागे सांगितला जातो. तेव्हा ‘शुद्धता’ या शब्दाला जो पवित्र सुगंध चढला आहे, तो नंतरच्या जाहिरातींचा.

जुनी बिअर पुन्हा करायची म्हणजे काय करायचे, याचे मार्ग ढोबळपणे दोन. एक ग्रंथातून, दुसरा हयात माणसांकडून. पहिल्याचे गाजलेले उदाहरण सॅन फ्रान्सिस्कोचे आहे. तेथील अँकर ब्रुअरीने १९८९ मध्ये सुमेरियन देवता निनकासी हिच्या सुमारे ३,८०० वर्षांपूर्वीच्या स्तोत्राच्या आधारे बिअर तयार केली. प्रयोग रंजक होता. पण स्तोत्र म्हणजे पाककृती नव्हे. त्यातील भाकरीसारखा पदार्थ नेमका कसा भाजायचा, यीस्ट कोणते, तापमान किती, याची उत्तरे तर्कानेच द्यावी लागतात. मधला धागा तुटला, की उरते ते अनुमान.

धागा तुटता तुटता कसा पकडला गेला, हे पोलंडच्या ग्रोजिस्के या बिअरवरून कळते. पोझनानजवळच्या ग्रोजिस्क व्येल्कोपोल्स्की या गावची ही बिअर केवळ गव्हाची, आणि तो गहू ओकच्या लाकडाच्या धुरावर वाळवलेला. मद्यार्क जेमतेम तीन टक्के, रंग फिका, फेस भरपूर. म्हणून तिला पोलंडची शॅम्पेन म्हणत. जर्मन अमदानीत ती ग्रेट्सर या नावाने दूरवर जाई. दुसऱ्या महायुद्धानंतर उद्योगाचे राष्ट्रीयीकरण झाले, मागणी आटत गेली आणि १९९३ मध्ये गावातील शेवटची ब्रुअरी बंद पडली. मोठ्या कंपनीच्या हिशेबात तीन टक्क्यांच्या धुरकट बिअरला जागा नव्हती.

ती पुन्हा उभी राहिली ती पोलंडमधील घरगुती बिअरकारांच्या संघटनेमुळे. या मंडळींनी जुन्या कामगारांना गाठले, कारखान्याची कागदपत्रे तपासली, चवीच्या आठवणी टिपल्या. धान्य, धूर आणि पाणी यांचा मेळ बसवता येत होता. खरी अडचण होती यीस्टची. सुदैवाने त्या ब्रुअरीचे यीस्ट संग्रहात जतन केलेले होते. ते मिळवून, वाढवून, वारंवार बिअर करून पाहिल्यावर मूळ चवीच्या जवळ पोहोचता आले. पुढे २०१५ मध्ये एका व्यावसायिक ब्रुअरीने ग्रोजिस्कच्या जुन्या वास्तूत उत्पादन पुन्हा सुरू केले. लाइपझिगच्या गोझे या मीठ-धने घातलेल्या आंबट बिअरची कथा याच वळणाची: १९६६ मध्ये ती बंद पडली आणि वीस वर्षांनी एका जुन्या गोझे-गृहाच्या मालकाच्या चिकाटीने परतली. आज ती अमेरिकेपासून भारतातील लहान ब्रुअऱ्यांपर्यंत केली जाते, आणि आपल्याकडे तिच्या आंबट-खारट चवीशी कोकमाची जोडी घालण्याचे प्रयोगही झाले आहेत. ही जोडी ओढूनताणून आणलेली वाटत नाही. सोलकढी पिणाऱ्याला तर मुळीच नाही.

यीस्टच्या बाबतीत सर्वांत मोलाचा ठेवा निघाला तो नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरील शेतघरांत. तेथे नाताळासाठी बिअर करणे ही मध्ययुगात केवळ रीत नव्हती. गुलातिंगच्या कायद्याने ते शेतकऱ्यावर बंधनकारक केले होते आणि चुकणाऱ्याला दंड होता. पुढे कारखान्यांची बिअर सगळीकडे पोहोचल्यावरही वोस, हॉर्निंदाल, श्ट्योर्दाल अशा काही भागांत ही परंपरा मोडली नाही. श्ट्योर्दालमध्ये आजही शेतकरी आल्डरच्या धुरावर स्वतःचे माल्ट वाळवतात. वोसला ज्युनिपरच्या फांद्या उकळलेल्या पाण्यात माल्ट भिजवतात आणि रस तासन्‌तास आटवतात. हॉर्निंदालला रस उकळतच नाहीत.

या घरांत वापरले जाणारे यीस्ट म्हणजे ‘क्वेइक’. शब्दाचे नाते आग चेतवण्याशी आहे. मराठीत त्याला विरजण म्हटले तर अर्थ चुकणार नाही, कारण व्यवहार अगदी विरजणाचाच होता. एका खेपेच्या तळचे किंवा वरचे यीस्ट काढून ते लाकडी कड्यावर, भोके पाडलेल्या ओंडक्यावर किंवा कापडावर वाळवायचे आणि पुढच्या खेपेला वापरायचे; आपले बिघडले तर शेजारच्या शेतावरून आणायचे. यीस्ट घालताना मोठ्याने आरोळी ठोकण्याचीही काही ठिकाणी पद्धत होती.

लार्स मारियुस गार्शोल या नॉर्वेजियन संगणक अभियंत्याने गावोगाव फिरून या घरांतील पद्धती नोंदवल्या आणि यीस्टचे नमुने इंग्लंडमध्ये नॉर्विच येथील राष्ट्रीय यीस्ट संग्रहाकडे तपासणीसाठी पाठवले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातून क्वेइक हा बिअरच्या ज्ञात यीस्टपेक्षा वेगळा, माणसाळवलेला गट असल्याचे दिसून आले. त्याचे वैशिष्ट्य तापमानात आहे. लागर बिअरच्या यीस्टला साधारण ८ ते १३ अंश सेल्सिअस लागते, एलच्या यीस्टला १८ ते २२. त्यापेक्षा उष्णता वाढली, की सॉल्व्हंटसारखा उग्र दर्प येतो. वोसचे क्वेइक मात्र ३९-४० अंशांच्या रसात घातले जाते, दोनेक दिवसांत काम उरकते आणि दर्पाऐवजी संत्र्यासारखा वास ठेवून जाते. उष्ण प्रदेशातील बिअरकारांना हे वाण का हवेसे वाटते, ते वेगळे सांगायला नको. शीतगृहाचा खर्च हाच तर त्यांचा मोठा खर्च.

फिनलंडची साहती ही याच कुळातील. सातूच्या माल्टला रायची जोड देऊन तो रस लाकूड कोरून केलेल्या पन्हळीतून, ज्युनिपरच्या फांद्यांवरून गाळतात. यीस्ट मात्र पाव भाजायचेच वापरतात, त्यामुळे केळ्यासारखा स्वाद येतो. बिअर आणि पाव यांचे हे नाते गोमंतकीयांना परके नाही. येथील पोईचे पीठ पूर्वी माडाच्या सुरेनेच फुगवत असत. साहतीला युरोपीय संघाने २००२ मध्ये पारंपरिक उत्पादन म्हणून संरक्षण दिले. ती फारशी टिकत नाही, थंड ठेवून लवकर प्यावी लागते, आणि म्हणूनच ती गावाबाहेर फारशी गेली नाही.

पुनरुज्जीवनाच्या उत्साहाला एक गंभीर बाजूही आहे. जुन्या बिअरमध्ये वापरलेली प्रत्येक वनस्पती निरुपद्रवी नव्हती. खुरासानी ओवा मध्ययुगीन बिअरमध्ये घातला जाई. त्यातील विषारी द्रव्यांनी भ्रम होतो, प्रसंगी जीवही जातो. रानटी रोझमेरीही विषारीच. ‘परंपरागत’ या शब्दावर विसंबून अशा वनस्पती वापरणे धोक्याचे आहे. कायद्याचा प्रश्नही आहेच. ब्रिटनने घरगुती बिअरवरील परवान्याची अट १९६३ मध्ये काढली. अमेरिकेत दारूबंदी १९३३ मध्ये उठली तरी घरच्या बिअरला संघीय मुभा देणारा कायदा १९७८ मध्ये झाला. भारतात मद्य हा राज्यांचा विषय असून गोव्यातही अबकारी परवान्याविना मद्यनिर्मिती करता येत नाही.

क्वेइक आता पाकिटातही मिळते. मात्र पाकिटात बहुधा प्रयोगशाळेत वेगळे काढलेले एकच वाण असते. शेतघरातील मूळ विरजणात अनेक वाणे एकत्र नांदतात, काही ठिकाणी जिवाणूही असतात, आणि दर खेपेला त्यांचे परस्परांतील प्रमाण थोडे हलते. पाकिटावर गावाचे नाव असले, तरी आतली वस्तू त्या गावच्या विरजणाचा एक तुकडाच असतो. म्हणूनच संपूर्ण मिश्रणाचे नमुने गोठवून ठेवण्याला महत्त्व आले आहे: ज्या घरातले विरजण मरेल, त्याला ते शेजारच्या शेतावर मिळाले नाही, तर संग्रहातून परत मागता येईल.