आधीं शिक्षिका, मग शाळा

मोठें काम हातीं घेतलें म्हणजे त्याचे लहान लहान तुकडे करावेत, हा उपदेश सर्वांच्या परिचयाचा आहे. तुकडे करणें फारसें अवघड नाहीं; कोणता तुकडा कोणावर अवलंबून आहे हें ओळखणें अवघड. आज संगणकाचे प्रोग्राम लिहिण्याचें काम कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एजंटांवर सोंपविलें जात आहे, आणि त्यांच्या बाबतींतहि नेमका हाच प्रश्न उभा राहिला आहे. या प्रश्नाचें एक बोलकें उदाहरण सातारा जिल्ह्यांतील खंडाळा तालुक्याच्या एका कन्येच्या चरित्रांत सांपडतें.

त्या तालुक्यांतील नायगांव येथें खंडोजी नेवसे पाटील यांच्या घरीं ३ जानेवारी १८३१ रोजीं सावित्रीबाईंचा जन्म झाला. १८४० सालीं पुण्याच्या जोतीराव फुले यांच्याशीं त्यांचा विवाह झाला, तेव्हां त्यांना अक्षरओळख नव्हती. पुढें जोतीरावांनीं अहमदनगरास अमेरिकन मिशनच्या सिंथिया फरार यांची मुलींची शाळा पाहिली, आणि पुण्यांत तशी शाळा काढण्याचें त्यांच्या मनानें घेतलें.

हेतु एका वाक्यांत मावण्याजोगा होता; वाट मात्र सरळ नव्हती. शाळेंत मुली यावयाच्या तर शिकविणारी बाई असलेली बरी, कारण परक्या पुरुषापुढें मुलीस बसविण्यास बहुतेक घरें नाखूष असत. मिशनच्या बायांकडे धाडावी तर धर्मांतराचें भय. आपल्यांतलीच शिक्षिका हवी, तर आधीं कोणी तरी मुलगी शिकलेली हवी. आणि मुलगी शिकावयाची तर आधीं शाळा हवी! प्रत्येक पायरी दुसरीकडे बोट दाखवीत होती.

कामांचा क्रम लावण्याची एक रीत आर्थर कान यांनीं १९६२ सालीं प्रसिद्ध केली. ज्या कामाला दुसऱ्या कशाचीहि वाट पाहावी लागत नाहीं तें प्रथम घ्यावें, यादींतून तें काढून टाकावें, आणि उरलेल्यांत पुन्हां तसेंच काम शोधावें. यादी संपण्यापूर्वींच असें काम मिळेनासें झालें, तर कोठें तरी चक्र आहे असें समजावें. स्त्रीशिक्षणाचा प्रश्न अशाच चक्रांत अडकला होता. तें चक्र एके ठिकाणीं तोडावें लागणार होतें, आणि जोतीरावांनीं त्याची कच्ची कडी ओळखली. शिकण्यास शाळाच पाहिजे असें नाहीं, घरहि पुरतें. त्यांनीं पत्नीस घरींच शिकविलें. आधीं शिक्षिका तयार झाली, आणि मग १८४८ सालीं पुण्याच्या भिडे वाड्यांत मुलींची शाळा उघडली.

तरीहि एक अवलंबन नजरेंतून सुटलें होतें. शाळा ज्या घराच्या आधारावर चालली होती, तें घरच लोकांच्या दडपणाखालीं होतें. १८४९ सालीं वडिलांनीं जोतीरावांस व सावित्रीबाईंस घराबाहेर पडण्यास सांगितलें, आणि शाळा कांहीं काळ बंद पडली. शिक्षिका होती, विद्यार्थिनी होत्या. परंतु जागा, पैसा आणि पाठीशीं माणसें यांची तजवीज मूळ बेतांत झालेली नव्हती. ही उणीव दुसऱ्या खेपेस भरून काढण्यांत आली. सहकाऱ्यांचें मंडळ उभें राहिलें, ३ जुलै १८५१ रोजीं अण्णासाहेब चिपळूणकरांच्या वाड्यांत शाळा सुरू झाली, आणि मार्च १८५२ पर्यंत मुलींच्या तीन शाळा झाल्या. त्या शाळेंत शिकलेल्या मुक्ताबाई या मांग समाजांतील मुलीचा निबंध १८५५ सालीं ‘ज्ञानोदय’ पत्रांत छापून आला.

यंत्राला असा क्रम लावावयास शिकविण्याची खटपट १९५७ पासून चालू आहे. त्या सुमारास न्यूएल, शॉ व सायमन यांनीं ध्येयाचीं उपध्येयें पाडणारा प्रोग्राम रचला. १९७१ सालीं फाइक्स व निल्सन यांनीं ‘शेकी’ नांवाच्या यंत्रमानवाकरितां प्रत्येक कृतीला तिची पूर्वअट जोडून दिली. दार उघडें नसेल तर पलीकडच्या खोलींत जाण्याचा बेतच करावयाचा नाहीं. आजच्या एजंटासहि हेंच लागू आहे. दुकानाची हिशेबवही तयार करावयास सांगितली, तर नोंदींचा सांचा ठरल्यावांचून बेरजेचा भाग लिहितां येत नाहीं. लिहिलाच तर पुढें मोडावा लागतो. परस्परांवर अवलंबून नसलेलीं कामें मात्र निरनिराळ्या एजंटांकडे एकाच वेळीं देतां येतात. दोन भाग एकमेकांसाठीं अडून बसले, तर एकाच्या जागीं तात्पुरता साधा भाग ठेवून चक्र तोडतात.

यांत एक धोका आहे. पूर्वअट पुरी झाली नसतां एजंट कधीं कधीं बनावट आंकडे घालून काम पार पडल्याचें सांगतो. म्हणून प्रत्येक तुकड्याबरोबर त्याची पूर्वअट आणि तो खरोखर पुरा झाल्याची परीक्षा, या दोन्ही गोष्टी लिहून द्याव्या लागतात; आणि एखादें काम फसलें, तर तेवढेंच पुन्हां न करतां बेतांत काय राहून गेलें हें पाहावें लागतें.

यंत्राचा बेत फसला तर कांहीं तास व थोडा पैसा वायां जातो. सावित्रीबाईंना शाळेच्या वाटेवर शेणाचे गोळे झेलावे लागले व राहतें घर सोडावें लागलें. क्रम लावण्याचें काम यापुढें यंत्र पुष्कळ अंशीं करील. परंतु कोणतें ध्येय एवढें मोल देण्यायोग्य आहे, आणि बंद पडलेली शाळा पुन्हां उघडावी कीं नाहीं, हें ठरविण्याची जबाबदारी माणसावरच राहील.